गवताआडचं घर

१

नोटिशीवर तारीख होती चार ऑगस्ट. पोस्टमनने ती जांबोटीपलीकडच्या वाडीवर पोचवली अकरा तारखेला. पैसे भरायची मुदत अठरा ऑगस्टपर्यंत होती.

बुधवारी संध्याकाळी नीलमने तो कागद टिळकवाडीत लतिकाताईंच्या टेबलावर ठेवला. खडेबाजारातल्या कापड दुकानात ती काम करते आणि लतिकाताईंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. लतिकाताईंनी एकतीस वर्षं ग्रामपंचायतींचे हिशेब तपासले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी कागद हातात आला की त्या आधी खालची सही बघतात, मग मजकूर.

नोटीस शालूबाईंच्या, म्हणजे नीलमच्या आईच्या नावाने होती. घर बांधण्यासाठी मिळालेलं अनुदान, चार हप्ते, एक लाख वीस हजार. त्या घराला दिलेली घरपट्टीची सूट, एक हजार आठशे साठ. लाभार्थीने खोटा फोटो देऊन दोन्ही लाभ घेतले. प्रत्यक्ष पाहणीत जागेवर पक्कं घर आढळलं नाही. रक्कम परत न केल्यास जागा जप्त होईल.

"घर आढळलं नाही म्हणजे?" लतिकाताईंनी विचारलं. "आई राहते कुठं?"

"घरातच की. चिऱ्याच्या दगडाचं घर हाय, वर कौलं. गिलावा न्हाय अजून, फरशी न्हाय, मिळालेल्या पैशात तेवढंच झालं."

"इथं लिहिलंय, चारही दिले."

"तीन आले, ताई. चौथा आलाच न्हाय."

लतिकाताईंनी चष्मा काढला. घर आहे, पण सरकारला दिसलं नाही. पैसे दिले, पण बाईला मिळाले नाहीत. एका कागदात दोन चुका असल्या तर त्या सहसा एकाच माणसाच्या नसतात, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

"आईनं फोन केलता," नीलम म्हणाली. "दोन दिवस जेवली न्हाय. ती म्हणते, घर पाडायला जेसीबी येतंय का बघ, मी भांडी आधी काढून ठेवते."

"पाच दिवस आहेत," लतिकाताई म्हणाल्या. "त्यातला शुक्रवार पंधरा ऑगस्टचा आणि एक रविवार. तीनच धर."

२

तालुक्याच्या कचेरीत पाहणीचा अहवाल लिहिणारी अभियंता होती सौम्या. वय तिशीच्या आत, मूळची निपाणीकडची. बाप तंबाखूचा शेतकरी. जंगलाच्या या भागात तिची बदली जूनमध्ये झाली होती.

"मॅडम, मी खोटं लिहिलेलं नाही," लतिकाताई खुर्चीत बसायच्या आत ती म्हणाली. "तीस जुलैला मी स्वतः गेले. चार किलोमीटर चालत. पायाला जळवा लागल्या. त्या जागेवर गवताची झोपडी आहे, वर नुसती कौलं. आत कुणी नव्हतं, दाराला कडी. वैरण ठेवतात तसलं काहीतरी."

"दार उघडलंत?"

"बंद दार मी कसं उघडू? बाहेरून फोटो काढला."

तिने संगणकावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. एक तिचा, तीस जुलैचा: पावसाने काळं पडलेलं गवत, जमिनीपासून छपरापर्यंत. दुसरा पंचायतीच्या फोनवरून आलेला, अठरा जुलैचा: फिकट हिरवी, गिलावा केलेली भिंत, दाराच्या चौकटीचा एक तुकडा, आणि पुढे हात जोडून उभ्या शालूबाई. खाली जागेचे आकडे, तारीख आणि वेळ ॲपने आपोआप छापलेली. दोन्ही फोटोंवर जागेचे आकडे सारखेच होते. चौथा हप्ता सुटायला गिलावा झालेल्या घराचा असा फोटो लागायचा.

"एकाच जागी बारा दिवसांत घराचं गवत होत नाही," सौम्या म्हणाली. "एक फोटो खोटा. माझा खरा आहे, हे मला ठाऊक आहे. मग दुसरा खोटा. साहेबांनी सही केली. माझी काय चूक सांगा बघू."

"चूक म्हणत नाही मी. हा हिरवा जरा मोठा करा."

फोटो मोठा झाला तशा भिंतीवर बारीक आडव्या रेषा दिसू लागल्या, जाळीच्या कापडासारख्या. शालूबाईंच्या पायाशी त्यांची सावली पडली होती. कापून ठेवल्यासारखी काळी, ठसठशीत.

"फोटो कुणी काढला?"

"परशराम. तिथला बिल कलेक्टर. पंचायतीचा फोन त्याच्याकडेच असतो." सौम्याने आवाज खाली आणला. "मॅडम, त्या बाई खरंच कुठं राहतात?"

लतिकाताई सावलीकडे बघत होत्या.

"अठरा जुलैला तुमच्याकडे ऊन होतं का हो?"

सौम्याने खिडकीबाहेर पाहिलं. बदली होऊन दोन महिने झाले होते. तिने एकदाही गॉगल बॅगेतून बाहेर काढला नव्हता.

३

शुक्रवारी जांबोटीच्या पंचायतीपुढे झेंडा झाला, जिलेबी वाटली गेली. लतिकाताई आणि नीलम बसमधून उतरून वाडीच्या वाटेला लागल्या. पाऊस सुईसारखा तिरका होता.

वाडीत आठ घरं. लतिकाताईंना त्यातलं एकही दिसलं नाही. दिसले ते गवताचे आठ ढीग, आणि प्रत्येक ढिगावर कौलांचं टोपरं.

"ह्ये आमचं," नीलमने पहिल्या ढिगाकडे बोट केलं.

लतिकाताईंनी छत्री मिटली आणि गवतात हात घातला. बांबूच्या कामट्यांना बांधलेला गवताचा तट्टा वीतभर जाड होता. त्याच्या मागे बोटांना थंड, खरबरीत चिरा लागला.

दारातून शालूबाई बाहेर आल्या. साठीला टेकलेल्या, बारीक, पदराला हात पुसत. "तट्टा सोडू नगा बाई, पानी आत मारतंय. पावसाची झड लई वंगाळ हितं. मिरगाच्या आदी समदी घरं गवतानं गुंडाळायची, आनी दिवाळीला काडायची. न्हाय तर चिरा पानी पितोय, आनी भिंतीतनं झरा."

"पाहणीला बाई आल्या तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"रानात. लावनी चाललीती. मला कोन सांगतंय, सरकार येनार म्हून?"

तर अहवाल खरा होता. सौम्याने जे पाहिलं तेच लिहिलं. निपाणीच्या कोरड्या रानात गवताने झाकलेली वस्तू म्हणजे वैरण, माणूस त्यात राहत नाही. लतिकाताईंनी भिंतीचा, तट्ट्याचा, आतल्या चुलीचा फोटो काढला. नव्वद हजारांचं घर उभं होतं. तेवढं तरी सिद्ध होण्यासारखं होतं.

पण त्यामुळे हिरवा फोटो जास्तच खोटा ठरत होता. जुलैत या वाडीत उघडी भिंत असूच शकत नाही.

त्यांनी फोटोची प्रत शालूबाईंपुढे धरली. कचेरीतली काळी-पांढरी प्रत, मळकट.

"मीच हाय की ही," शालूबाई म्हणाल्या. "लुगडं नीलमनं आनल्यालं. कवा काडला, ठावं न्हाय बाई. माझा फोटो कोन काडतंय?"

"चौथ्या हप्त्याचे तीस हजार तुमच्या खात्यात आले असं कचेरी म्हणते. पासबुक?"

"भावजींकडं असतंय. बाजारच्या दिशी त्ये बँकेत जात्यात. माझी पेन्शन मातर घरपोच. इक्रम आनून देतोय. बँकेचं अंगठ्याचं मशीन हाय त्याच्याकडं." त्यांच्या तोंडावर त्या दिवसात पहिल्यांदाच जरा उजेड आला. "लई गुनाचं पोरगं. लावनीत बोटं पांढरी फटक हुत्यात, रेघा ऱ्हात न्हाईत, मशीन अंगठा घेत न्हाय. एवढ्याशा पेन्शनीसाठी चार दीस आलं चिखलातनं. रोज म्हनायचं, काकी, आज बी न्हाय घेतला, उद्या येतो. चौथ्या दिशी घेतला. मी रोज च्या केला त्याला."

भावजी म्हणजे शेजारच्या ढिगात राहणारा भावकू, नवऱ्याचा धाकटा भाऊ. विक्रम त्याचा मुलगा, जांबोटीत राहून वाडीवर येऊन-जाऊन असणारा. दोन घरांमध्ये हातभर पडीक जागा होती आणि तिच्यावरून सहा वर्षं बोलणं तुटलं होतं. भांडण पुरुषांचं, भावकूचं आणि मेलेल्या भावाचं. तरी ते चालूच होतं. पासबुकाची ने-आणही विक्रमच करायचा.

भावकूने पाहुणीला पडवीत बसायला सांगितलं, स्वतः उभा राहिला.

"पासबुक माझ्याकडं हाय, व्हय. वैनीला बँकेतलं काय कळतंय? पर छापून घेतल्यालं न्हाय बघा एप्रिलपास्नं. छपाईचं मशीन बंद म्हनत्यात दर खेपंला."

"नोटीस आल्याचं माहीत आहे?"

"वाडीला ठावं, मला नसंल?" तो गवताच्या फटीतून बाहेर बघत म्हणाला. "जागा जप्त झाली तर ती हातभर बी जाईल. कुनाचीच न्हाय मग. बरंच झालं म्हना."

त्याने पुढे केलेल्या चहाला लतिकाताईंनी हात लावला नाही. त्या त्याच्या मागची भिंत बघत होत्या. तट्ट्याच्या आत, पडवीत पावसापासून सुरक्षित, गिलावा केलेली भिंत होती.

ती फिकट हिरवी होती.

४

"काकाच," परतीच्या बसमध्ये नीलम म्हणाली. "भिंत त्याची, पासबुक त्याच्याकडं, जागेवर डोळा त्याचा."

"तुझ्या काकांच्या कमरेला कुठला फोन होता, पाहिलास?"

"बटनाचा."

"त्यात हा फोटो निघत नाही. भिंतीला रंग कधी दिला?"

"अक्षय तृतीयेला वास्तुशांत झाली. आईला बोलावणं आलं, लोक काय म्हणतील म्हणून. तेव्हा तिनं ते लुगडं..." नीलम थांबली.

"ऊन होतं त्या दिवशी?"

"एप्रिलचं. पाय भाजत होते."

"तर आईचा फोटो तेव्हाचा. कुणीतरी तो मोबाइलवर ठेवला. अठरा जुलैला आईच्या दाराशी उभं राहून, त्या मोबाइलच्या पडद्याचा फोटो पंचायतीच्या फोनने काढला. जागा खरी छापली गेली, तारीख खरी छापली गेली. आडव्या रेषा पडद्याच्या."

"वास्तुशांतीला फोटो..." नीलमने तोंड खिडकीकडे वळवलं. खिडकीच्या काचेवर पाणी ओघळत होतं.

शनिवारी शालूबाईंना सोबत घेऊन त्यांनी बँकेतून खात्याचा उतारा काढला. एकवीस जुलै, तीस हजार जमा. तेवीस, चोवीस, पंचवीस जुलै, रोज दहा हजार रुपये अंगठ्यावर काढलेले. एका दिवसाला तेवढीच मर्यादा. सव्वीस जुलै, पेन्शन. चारही दिवस मशीनचा नंबर एकच.

"मशीननं अंगठा चारही दिवस घेतला होता," लतिकाताई म्हणाल्या.

शालूबाईंनी उतारा उलटा-सुलटा करून पाहिला. वाचता येत नव्हतं तरी पाहिला. मग नीलमकडे दिला.

"काय म्हनत्यात बाई?" त्यांनी लेकीला विचारलं.

नीलमने उतारा घडी करून पर्समध्ये टाकला.

५

परशराम दुपारी पंचायतीत एकटाच होता, घरपट्टीच्या पावत्या लावत. पन्नाशीचा, गुडघ्याला पट्टा बांधलेला.

"फोटो मीच काढला," तो म्हणाला. "एका हातात छत्री, एका हातात फोन. पाऊस असा की समोरचं दिसंना. बाईंना म्हटलं, जरा भिंतीला टेका. नोकरी हाय ही, करावी लागती."

"अठरा तारखेला?"

"तारीख छापल्याली हाय की खाली."

लतिकाताईंनी आपल्या फोनवर रंगीत फोटो त्याच्यापुढे धरला आणि शालूबाईंच्या पायाशी बोट ठेवलं. "सावली बघा. छत्री घेऊन उभे होता आणि ऊन पडलं होतं?"

परशरामने पावत्यांचा गठ्ठा सरळ केला. मग परत सरळ केला.

"तुम्ही चोर नाही," त्या म्हणाल्या. "चोर असता तर पावसाची गोष्ट सांगितली नसती. जे जुलैत असतं ते तुम्ही सांगितलंत, कारण तुम्ही तिथं नव्हताच. या गुडघ्यानं चार किलोमीटर चिखल कुणी तुडवावा? फोन वर जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती दिलात. जुलैत आठवड्याला वाडीवर जाणारा माणूस एकच. त्याचं नाव मी सांगू, की तुम्ही सांगता?"

"मॅडम, माझी तीन वर्षं ऱ्हायली रिटायरला."

"शालूबाईंचे दोन दिवस राहिलेत."

बाहेर कौलांवरून पाणी धो धो पडत होतं. परशरामने खुर्ची मागे सरकवली, दार लावून घेतलं आणि परत येऊन बसला.

"भावकूचं पोरगं," तो म्हणाला. "त्योच म्हनला, आप्पा, तुमी कशाला दमता, मी जातोयच."

६

रविवारी भावकूच्या पडवीत पाच माणसं होती. विक्रम दाराशी उकिडवा बसला होता. सव्वीस वर्षांचा, केस नीट विंचरलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्याची मोटारसायकल अंगणात ताडपत्रीखाली होती.

लतिकाताईंनी आवाज न चढवता एकेक गोष्ट मांडली. एप्रिलमधली सावली. पडद्याच्या रेषा. परशरामचा फोन. मशीनचा नंबर. भावकू आधी हसला, मग लतिकाताईंवर खेकसला, मग मुलाकडे बघून भिंतीला टेकला.

"गाडीचे हप्ते थकले हुते," शेवटी विक्रम म्हणाला. "गाडी ओढून नेली असती. गाडी न्हाय तर मशीन घेऊन वाड्यांवर कसा जाऊ? मला वाटलं, काकीला हप्ता मिळायचाच हाय आज न्हाय उद्या. दिवाळीपर्यंत परत टाकनार हुतो. पाहनी येईल असं कुनाला वाटलं?"

"मला इचारलं असतंस," शालूबाई म्हणाल्या.

"दिलं असतंस काकी?"

"न्हाय. पर इचारायचं हुतं."

भावकू पुढे आला आणि शालूबाईंसमोर जमिनीवर बसला. सहा वर्षांत तो पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलला.

"वैनी, तीस हजार मी भरतो. आज गाडी इकतो. ती हातभर जागा बी घ्या, लिवून देतो. पर नाव घालू नगा. मशीन जाईल, पोलीस येतील. पोरगं कुटं तोंड दावनार?"

शालूबाईंनी लतिकाताईंकडे पाहिलं. "नाव न्हाय घातलं तर?"

"घर उभं आहे हे सौम्या मान्य करेल. फोटो मी तिला कालच दाखवले. पण खोटा फोटो कुणी दिला, या प्रश्नाला कागदावर उत्तर लागतं. दुसरं नाव नसेल तर तुमचं राहील. पैसे भरले तरी राहील. मग नोटीस उठत नाही आणि घर धोक्यात राहतं. चौथा हप्ता कायमचा गेला."

"आनी घातलं तर?"

"तीस हजार त्याच्याकडून वसूल होतील. तुमच्यावरचं सगळं उठेल, घरपट्टीची सूटही राहील. मशीन जाईल. पोलिसांत द्यायचं की नाही ते कचेरी ठरवेल. ते माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही."

"आई," नीलम म्हणाली.

"तू गप गं."

शालूबाईंनी गवताच्या फटीतून आपल्या घराकडे पाहिलं. इथून तो नुसता एक ओला ढीग दिसत होता.

"लिवा बाई," त्या म्हणाल्या. "पर नुसतं इक्रम म्हून लिवू नगा. माझा पुतन्या इक्रम, असं लिवा."

"कचेरीला नात्याची गरज नसते, शालूबाई."

"कचेरीला नसंल."

लतिकाताईंनी पेन उघडलं.

७

सोमवारी अकरा वाजता अर्ज दाखल झाला. सौम्याने तो दोनदा वाचला, घराचे फोटो जोडले, आणि स्वतःच्या अहवालाखाली एक ओळ वाढवली: पाहणीच्या वेळी भिंती पावसाळी गवताच्या तट्ट्यांनी झाकलेल्या होत्या, सबब पाहणी अपुरी. असं लिहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी तीन वाजता सही केली. शालूबाईंवरची वसुली रद्द. गिलावा झाल्यावर चौथा हप्ता नव्याने. विक्रमच्या नावाने वेगळी नोटीस निघेल. भावकूने तीस हजार भरले आणि पावती चार घड्या करून टोपीत ठेवली. मोटारसायकल रविवारीच जांबोटीच्या एका हॉटेलवाल्याने नेली होती.

वाडीकडची बस पाचला होती. दुसरी नव्हती.

लतिकाताई आणि नीलम बेळगावच्या गाडीत बसल्या. शालूबाई जांबोटीच्या बसमध्ये चढल्या, पुढून तिसऱ्या सीटवर खिडकीशी बसल्या. त्यांच्यामागून भावकू चढला आणि सगळ्यांत मागे जाऊन बसला. विक्रम शेवटी. बस भरत आली होती. रिकामी जागा एकच उरली, शालूबाईंच्या शेजारची.

शालूबाईंनी मांडीवरची पिशवी उचलली आणि तिथं ठेवली.

विक्रम दांडीला धरून उभा राहिला.

कंडक्टर तिकिटं देत पुढे आला. बायकांना प्रवास फुकट, त्याने शालूबाईंना शून्याचं तिकीट फाडून दिलं. मग पिशवीकडे बघितलं, उभ्या विक्रमकडे बघितलं.

"मावशी, मानसं हुबी हायत. पिशवी खाली ठेवा की."

"ऱ्हाऊ दे."

"मग पिशवीचं तिकीट काढावं लागंल," तो हसत म्हणाला. "तुमचं फुकट, हिचं न्हाय."

"किती?"

"मस्करी केली हो मावशी."

"किती हुत्यात सांग," शालूबाई म्हणाल्या, आणि कमरेची चंची सोडू लागल्या.